एक नंबर आलेली मोसंबी

ज्या बहारात मी फुल-फ्रेम कॅमेरा घेतला, त्या बहारात मी चार हजारांच्या वर फोटो काढले आणि त्यांत मायचा एकही काढला नाही.

झालं. सांगायचं ते सांगून टाकलं. माणसानं आपला गाढवपणा पहिल्याच ओळीत कबूल केला की पुढचं लिहायला हात मोकळा होतो. वाचणाराही मग फार अपेक्षा ठेवत नाही.

आता पुन्हा माघ आलाय. शनिवारी जालन्याहून गावाकडं निघालो की अंबड मागं पडेपर्यंत सगळा डांबराचा, डिझेलचा, उसाच्या ट्रॅक्टरांचा वास. वडीगोद्रीच्या अलीकडं आमच्या गावाचा फाटा लागतो. तिथं वळलं की मोटारसायकल आपोआप सावकाश होते. मोसंबीच्या फुलांचा वास आधी गोड नसतोच, गार असतो. ओल्या हातानं कुणी कपाळाला शिवावं तसा. गोडपणा दोन-तीन बांध ओलांडल्यावर येतो आणि हेल्मेटमध्ये शिरून बसतो. तो नीट यावा म्हणून मी हेल्मेटची काच वर करतो, तोंडही उघडं राहतं, आणि दर माघात एकदा तरी मधमाशी तोंडात जाते. यंदाही गेली. थुंकत, डोळे पुसत घरी पोचलो, तर तात्या ओट्यावर बसलेले.

"रडून राह्यलास का?" तात्यांनी विचारलं.

"माशी गेली तोंडात."

"दरसाली जाती," ते म्हणाले. मग भिंतीकडं न बघता भिंतीकडं बोट केलं. "त्यो फोटू काढ तिथून. ती बाई कोण हाय मला ठाव न्हाई. तुह्या मशिनीत बघ, तुह्या मायचा एखादा असंल. एवढं बारा महिने टकाटक करत हिंडत व्हतास."

भिंतीवरचा फोटो आधार कार्डावरचा आहे. माय गेली तेव्हा तेराव्याला हार घालायला फोटो लागला. पाहुण्यांच्या समोर मी ऐटीत लॅपटॉप उघडला, की पोरगा फोटोग्राफर, घरात काय तोटा. अर्धा तास शोधलं. पानं निघाली, फुलं निघाली, पाटातलं पाणी निघालं, एक सरडा निघाला. लोकांच्या लग्नांतल्या फोटोंत ती तिसऱ्या रांगेत कुणाच्या तरी फेट्यामागं, अर्धा कान तेवढा दिसणारी. शेवटी आधारचाच फोटो मोठा केला. त्यात तिचे डोळे असे आहेत, जसं कुणी विचारलंय की सांग, तूच घेतलंस ना? तीन वर्षं तात्या त्या भिंतीकडं पाठ करून जेवतात.

तर मी लॅपटॉप काढला, ओट्यावर तात्यांच्या शेजारी बसलो, आणि तो बहार पहिल्या पानापासून उघडला.

कॅमेरा घ्यायचं खूळ कुठून आलं ते सांगतो. नवीन जालन्यात मी एका बियाण्याच्या कंपनीत आहे. माझं काम पाकिटांचं. भेंडीच्या बियाण्याच्या पाकिटावर भेंडीचाच फोटो छापला जातोय ना, हे बघायचं. एकदा दोडक्याच्या पाकिटावर कारलं गेलं होतं. तेव्हाही मीच बघत होतो. पाकिटावर जशी भेंडी असते तशी भेंडी आजवर कुणाच्या रानात आलेली मी पाहिली नाही. लव न् लव मोजून घ्यावी अशी धारदार, आणि तिच्या मागं सगळं हिरवं, लोण्यासारखं वितळलेलं. त्या वितळलेल्या मागच्याच्या मी प्रेमात पडलो. आमच्याकडं फोटो काढायला येणाऱ्या गड्याला विचारलं, हे कसं करता? तो म्हणाला, फुल-फ्रेम लागतो. आत उजेड पकडणारा तुकडाच मोठा असतो. वरून चांगली लेन्स लावायची, तिचं तोंड पूर्ण उघडं ठेवायचं, समोरच्या एका गोष्टीवर चौकट धरायची. बाकीचं जग आपोआप पुसलं जातं.

बाकीचं जग पुसायची सोय! चाळिशीला टेकलेल्या, दिवसभर पाकिटं उलटीपालटी करणाऱ्या माणसाला आणखी काय पाहिजे? मी घेतला.

मागच्या त्या पुसट भागाला फोटोवाल्यांमध्ये 'बोके' म्हणतात. हे मी मायला मोठ्या कौतुकानं सांगितलं. ती म्हणाली, "मांजरं पाळायला एवढा खर्चा?"

आमच्याकडं नवीन वस्तू आली की आधी घरात पूजा, मग राजूरच्या गणपतीला नेऊन दाखवायची. ट्रॅक्टर दाखवला, मोटारसायकल दाखवली, बोअरची मोटर पोत्यात घालून दाखवली. कॅमेरा कसा सुटेल? पाटावर ठेवला, मायनं निरांजन ओवाळलं, तांदूळ टाकले, आणि मी 'हां हां' म्हणेपर्यंत लेन्सच्या काचेवर कुंकवाचं बोट ओढलं.

"माय! काचंला न्हाई लावायचं!"

"कामून? गाडीच्या काचंला लावत न्हाईत का?"

"ती काच अन् ही काच एक हाय का?"

"देवाला समद्या काचा एकच."

मी घर डोक्यावर घेतलं. ती गपचूप उठली, पेटीतून आपल्या जुन्या लुगड्याचा धुऊन धुऊन मऊ झालेला तुकडा आणला आणि काच पुसून दिली. कॅमेऱ्यासोबत आलेलं महागाचं फडकं पहिल्याच महिन्यात हरवलं. तो तुकडा अजून आहे. कुंकवाचा एक कण मात्र लेन्सच्या फिरत्या कड्यात जाऊन बसला तो बसलाच. आजही फोकस करताना एका जागी बारीक करकर लागते. दुकानदार म्हणतो, खोलून साफ करून देतो. मी म्हणतो, बघू.

राजूरला पायऱ्यांपाशी माय थांबली होती. "इथं एक काढतू का? मागं कळस येईल."

मी नवशिक्या, म्हणजे बिलकुल कडवा. म्हटलं, "माय, असं खांबावानी उभं राहून काढायचे दिवस गेले. आता माणूस कामात असताना काढतात. त्याला कळू न देता."

"मंग मी काय करू?"

"तू काही करू नको. नेहमीसारखी राहा."

ती नेहमीसारखी राहिली, म्हणजे पायरीवर बसून माझ्या चपला राखत बसली. मी तोवर शेंदूर लागलेल्या घंटेचे सत्तर फोटो काढले. निघताना तिची समजूत घातली: "तुझा बागेत काढतो. तोडणीच्या आधी. दिवस कलताना उजेड पिवळा पडतो ना, तेव्हा. चांगलं पातळ नेसून ये." असं बोललो आणि विसरलो. आपण देवाच्या दारात बोलतो ते देव तरी लक्षात ठेवतो की नाही कोण जाणे, माय ठेवते.

लॅपटॉपवर ताणाचे दिवस उघडले. मोसंबीला फुलवायचं तर आधी उपाशी ठेवावं लागतं. थंडीत पाणी तोडायचं. पानं गळतात, उरलेली दुपारची दुमडतात, झाड रुसल्यासारखं दिसतं. याला ताण म्हणतात. किती ताण द्यायचा हे तात्या पान मुठीत चुरगाळून आवाजावरून ठरवायचे. मग एका सकाळी पाणी सोडायचं. मी त्या सकाळी म्हणालो होतो, "तात्या, आज ढग हायेत. उद्या सोडा ना पाणी, उजेड चांगला येईल." तात्या म्हणाले, "झाडाला इचार." मी खरंच झाडाकडं बघितलं होतं.

आणि पाणी मिळाल्यावर पंधरा-वीस दिवसांत ती रुसलेली झाडं अशी काही फुटली, की बागेत शिरायची लाज वाटावी. पांढऱ्या कळ्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या. खाली पाकळ्यांचा सडा. मधमाश्यांचा आवाज इतका, की तो कानांनी नाही, छातीनं ऐकू यायचा. माय पहाटे बागेतून आली की तिच्या केसांत पाकळ्या असायच्या आणि ती भाकरी थापायला बसली की एखादी परातीत पडायची. ती उचलून माय चुलीच्या कडेला ठेवायची, आत टाकायची नाही. हे मला इतकं स्पष्ट दिसतंय. याचा फोटो? नाही. माझ्याकडं एका कळीचे दोनशे आहेत.

ओट्यावर शेजारी बसलेले तात्या मात्र भलत्याच गोष्टी बघत होते. मी दाखवायचो, हे फूल बघा, आतला पराग मोजून घ्या. ते फुलाच्या मागच्या त्या वितळलेल्या हिरव्यात बोट घालायचे. "ही चवथ्या वळीतली. वाकडी व्हती ती. अन् हे काळं काय? हां, आपला जुना पंप." एकेक धुरकट डाग ते ओळखत चालले होते. दोन वर्षं मी जे मुद्दाम पुसायला शिकलो, ते हा माणूस चष्मा न लावता वाचत होता.

पुढं फळ धरलं, पावसाळा गेला. दिवाळीच्या आधी बाग बघायला व्यापारी यायचा होता. मी शहाणपणा करून त्याला आधीच मोबाइलवर फोटो पाठवला. एक मोसंबी, अंगावर पाण्याचे थेंब, थेंबांत सूर्य. तो दुसऱ्याच दिवशी हजर. बागेत फिरला. त्या साली फळावर कोळ्याची कीड पडली होती, निम्म्या मालावर तांबूस डाग. व्यापारी तात्यांकडं वळून गोड हसला: "काका, फोटूतली एक तोडून द्या मला. बाकीची राहू द्या झाडावर."

तात्या चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. माय मात्र त्या संध्याकाळी म्हणाली, "फोटू चांगला व्हता रं पण."

हे सगळं असूनही मी त्या कॅमेऱ्यावर समाधानी आहे, हे मुद्दाम लिहून ठेवतो. ज्यांच्याकडून घेतला ते दर वर्षी मोबाइलवर विचारतात, आपण किती समाधानी आहात, एक ते पाच तारे द्या. अंधाऱ्या गोठ्यात, जिथं मला स्वतःला म्हैस दिसत नाही, तिथं त्याला म्हशीच्या पापण्या दिसतात. हातात घेतला की वजनानं माणूस आपोआप गंभीर होतो. बटण दाबल्यावरचा तो खट्ट आवाज, दाराची कडी नीट बसावी तसा. पहिल्या वर्षी मी अर्धा तारा कापला होता आणि खाली तक्रार लिहिली होती: 'फोकस कधी कधी दिलेली जागा सोडून भलतीकडे पळतो.' दुसऱ्या वर्षी ती सवय गेली म्हणून पुरे पाच दिले.

त्या बहारातला मला सगळ्यात आवडणारा क्षण हाच होता, फोकस पळण्याचा. तोडणीचा आदला दिवस, ऊन कललेलं. एका खालच्या फांदीला ती मोसंबी: निम्मी हिरवी, निम्मी पिवळी, एक डाग नाही. वारं होतं, फांदी झुलत होती. मी गुडघ्यांवर, श्वास रोखून. चौकट मोसंबीवर धरावी की ती टुणकन उडी मारून मागं जायची. पुन्हा धरावी, पुन्हा मागं. शेवटी वैतागून मी सेटिंगमध्ये शिरलो, आपोआप पकडण्याची जी काय सोय होती ती बंद केली आणि फांदीला म्हटलं, "हलू नको. हलू नको आता. बास. असंच." अकरा फोटो काढले. उठून कॅमेऱ्यात बघतो तर सालीवरचं छिद्र न् छिद्र! झाडांमधून मायचा आवाज आला, "आला का चांगला?" मी मान वर न करता ओरडलो, "एक नंबर, माय! एकदम एक नंबर!" ती हसली. हसल्याचा आवाज अजून कानात आहे. माझ्या छंदाचं एवढं कौतुक तिला आहे, हे बघून मला तेव्हा भरून आलं होतं.

पुढचा बहार फुलायला आणि ती जायला एकच गाठ पडली. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. पाटाला पाणी चालू होतं आणि ते बंद करायला कुणी उठलं नव्हतं, एवढंच त्या दिवसाचं ध्यानात आहे.

तर ओट्यावर तीच मोसंबी लॅपटॉपवर आली. मी म्हटलं, "ही बघा. ही माझी सगळ्यात चांगली."

तात्या बघत राहिले. बराच वेळ. मग बोट त्या लोण्यासारख्या हिरव्यात गेलं. "ही कोण?"

"कोण कुठं?"

"ही. लाल."

मोसंबीच्या डाव्या अंगाला, पाठीमागं, एक लाल उभा डाग होता. वर एक फिकट गोळा. मी इतक्या वेळा तो फोटो बघितलाय. मला तो डाग रंग म्हणून आवडायचा. हिरव्यात थोडं लाल असलं की फोटो उठतो. "वाळत घातलेलं काहीतरी असंल," मी म्हटलं.

"वाळत न्हाई घातलेलं. तुही माय हाय."

मी वाकून बघितलं.

"राजूरचं पातळ हाय हे," तात्या म्हणाले. "बागंत कामाला कुणी नेसतं व्हय हे पातळ? अन् पदर बघ. डाव्या हातानं छातीशी धरलाय. फोटूला उभी राह्यली की असाच धरायची. आधारच्या सेंटरवरबी धरला व्हता, तर ते म्हनले हात खाली घ्या." त्यांनी बोट उचललं नाही. "काम करून न्हाई राह्यली ती. फोटूला उभी हाय."

मी पुढचा फोटो उघडला. लाल डाग तिथंच. त्याच्या पुढचा. तिथंच. अकराच्या अकरा फोटोंत फांदी हलली आहे, मोसंबी तसूभर इकडं, तसूभर तिकडं. लाल डाग कुठंच हललेला नाही. हलू नको म्हटलं होतं ना मी.

आणि त्या कॅमेऱ्याची ती खोड. माणसाचा चेहरा दिसला की चौकट आपोआप त्यावर जाऊन बसते, हे माहितीच्या पुस्तकात लिहिलंय. पुस्तक मी नंतर वाचलं. त्या दिवशी तो सारखा मागं पळत होता, सारखा, चार-पाच वेळा, आणि मी त्याला मारून-मुटकून मोसंबीवर आणलं, वरून अर्धा तारा कापला.

"लाव भिंतीवर," तात्या म्हणाले.

"तात्या, ह्यात तोंडच दिसत न्हाई तिचं."

"तुला न्हाई दिसत. मला बराबर दिसतं. हसून राह्यली." मग थोड्या वेळानं, "एवढी नटून आल्ती अन् सांगितलं बी न्हाई मला."

सोमवारी मी त्यांना जालन्याला घेऊन आलो. स्टेशनकडच्या रस्त्याला फोटोफ्रेमचं एक जुनं दुकान आहे. तिथल्या चाचांचा पूर्वी स्टुडिओ होता; निम्म्या जालन्याचे पासपोर्टचे फोटो त्यांनी काढलेत, हनुवटी वर, श्वास आत. मोठा करून आणलेला फोटो मी काउंटरवर पसरला. तात्या पाटीवरच्या लाकडी पट्ट्यांचे नमुने एकेक करून दाबून बघायला लागले, जणू मोसंबीच.

चाचांनी डोळ्याला भिंग लावलं. आधी मोसंबीवरून फिरवलं, सावकाश, वरपासून खालपर्यंत. मान डोलावली. मग भिंग मागं गेलं, त्या लालवर थांबलं, आणि तिथून बराच वेळ हललं नाही.

"तात्या, ही बाई फोटूला उभी हाय की," चाचा म्हणाले.

"हाय."

"घरातली?"

"मंडळी."

चाचांनी भिंग खाली ठेवलं, फोटो उजेडाकडं धरला, पुन्हा एकदा बघितलं. "काढला कोणी हा?"

तात्यांनी एक पट्टी उचलली, माझ्याकडं एकदा बघितलं आणि पट्टीच बघत राहिले. मी रस्त्यावरच्या ऑटोंकडं तोंड केलं.

"कोणी का असंना," चाचा म्हणाले. "मशीन अव्वल नंबरची हाय. चलवणारा गाढव हाय."